बॅगेत टाकताना लॅपटॉप झोपवायचा, हायबरनेट करायचा की बंद करायचा?

कॉलेजं सुरू झाली की बेळगावच्या आसपास घराघरांत एक नवा लॅपटॉप येतो. खानापूर, येळ्ळूर, उचगाव, निपाणीकडची मुलं तो पाठीवर टाकून बसने नाहीतर दुचाकीने रोज बेळगावला येतात आणि संध्याकाळी परत जातात. पुण्याला शिकणारी रविवारी रात्रीची गाडी धरतात. उद्यमबागेतला डिझायनर ड्रॉइंग दाखवायला फाउंड्रीत जातो, सीएच्या ऑफिसातली मुलं ऑडिटसाठी चिकोडी-गोकाक करतात. आणि पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना एकच प्रश्न पडतो. बॅगेत टाकताना लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, की नुसतं झाकण लावलं तरी चालतं?

उत्तरं तीन मिळतात. दुकानदार सांगतो, "झाकण लावा आणि चला, काही होत नाही." वर्गातला मित्र सांगतो, "रोज बंद-चालू केलास तर लवकर खराब होईल." घरात बाबा म्हणतात, "वस्तू वापरून झाली की नीट बंद करून ठेवावी." तिघांपैकी कुणी खोटं बोलत नाही. प्रत्येकाचं उत्तर कुठल्यातरी काळातल्या लॅपटॉपसाठी बरोबर आहे. पण गेल्या दहा-बारा वर्षांत झाकण लावल्यावर आत जे घडतं तेच बदललं, आणि ते गिऱ्हाइकाला कुणी समजावून सांगितलं नाही.

आधी थोडक्यात उत्तर. या वर्गातून त्या वर्गात किंवा या टेबलावरून त्या टेबलावर जायचं असेल तर झाकण लावा, पुरे. बॅगेत घालून अर्ध्या तासाहून जास्त प्रवास असेल तर हायबरनेट करा, म्हणजे चालू काम डिस्कवर टिपून मशीन बंद होऊ द्या. विमानात चेक-इन सामानात द्यायचा असेल, भर पावसात निघायचं असेल किंवा आठवडाभर कपाटात ठेवायचा असेल तर पूर्ण बंद करा. या तिन्हींमागची कारणं आता नीट पाहू, कारण कारण कळलं की प्रत्येक वेळी कुणाला विचारावं लागत नाही.

झाकण लावल्यावर आत काय होतं

लॅपटॉपमध्ये माहिती दोन ठिकाणी असते. एक रॅम, म्हणजे आत्ता चालू असलेलं काम जिथे मांडलेलं असतं ती जागा. दुसरी डिस्क, म्हणजे फाइली कायमच्या साठवण्याची जागा. डिस्कला वीज नसली तरी तिच्यावरचं काही जात नाही. रॅमचं तसं नाही. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये भरलेला विद्युतभार असतो आणि तो सतत गळत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळी रॅम पुन्हा भरून घ्यावी लागते. वीज तुटली की तुमचं सेव्ह न केलेलं असाइनमेंट गेलं.

आता रविवार पेठेतला एखादा किराणा दुकानदार दुपारी जेवायला घरी निघालाय असं समजा. शटर अर्धं ओढलं, माल मांडलेलाच, वही उघडीच, दिवा चालूच. परत आल्या क्षणी धंदा सुरू, पण तोपर्यंत दिव्याचं बिल चढत राहतं. ही झोप, म्हणजे स्लीप. यात रॅमला थोडी वीज मिळत राहते, बाकी जवळपास सगळं बंद.

दुसरा प्रकार असा, की काय कुठे मांडलं होतं, वही कुठल्या पानावर होती हे सगळं टिपून त्याने तिजोरीत ठेवलं, दिवा घालवला, कुलूप लावलं. परत आल्यावर टिपण बघून दुकान जसंच्या तसं मांडायचं. थोडा वेळ लागेल, पण बिल शून्य. हा हायबरनेट. रॅममधलं सगळं डिस्कवरच्या एका फाइलीत लिहिलं जातं आणि मशीन बंद होतं. बॅटरी पूर्ण संपली तरी तुमचं काम शाबूत राहतं.

तिसरा प्रकार म्हणजे हिशेब मिटवून, सगळं आवरून घरी जाणं. दुसऱ्या दिवशी झाडलोटीपासून सुरुवात. हा शटडाउन.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. हे तीनही प्रकार १९९६ च्या डिसेंबरमध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून ठरवलेल्या एका नियमावलीत मांडले गेले. झोपेला त्यात 'एस थ्री', हायबरनेटला 'एस फोर' आणि बंदला 'एस फाइव्ह' अशी नावं आहेत. लक्षात ठेवायचं ते फक्त एस थ्री, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे.

झोप बदलली ती कशी

मोबाइल हातात आल्यावर लोकांच्या अपेक्षा बदलल्या. बटण दाबलं की पडदा लगेच उजळला पाहिजे, खिशात असतानाही मेसेज आलेले असले पाहिजेत. लॅपटॉपही तसाच हवा म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१२ साली विंडोज ८ बरोबर एक नवी झोप आणली आणि २०१५ साली विंडोज १० बरोबर तिला 'मॉडर्न स्टँडबाय' हे नाव दिलं. नियमावलीच्या भाषेत ती 'एस झिरो', म्हणजे चालू असल्याचीच अवस्था, फक्त कमी विजेवर.

दुकानाच्या हिशेबात सांगायचं तर शटर पूर्ण खाली आहे, पण आत पोऱ्या बसलाय. फोन वाजला की उचलतो, ऑर्डर लिहून घेतो, मधेच दिवा लावून फळीवरचा माल तपासतो. पोऱ्या शहाणा असेल तर एका मिनिटात काम उरकून दिवा घालवतो. पण एखाद्या दिवशी तो दिवा लावून तासन्‌तास कामालाच बसतो. एखादा ड्रायव्हर, म्हणजे आतला एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम, नीट लिहिलेला नसतो, अँटिव्हायरस सगळी डिस्क तपासायला घेतो, अपडेट उतरायला लागतं. बाहेरून झाकण बंद, दिसायला झोपलेला, आत मात्र प्रोसेसर पूर्ण जागा.

महत्त्वाची गोष्ट ही, की बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये कंपन्यांनी जुनी एस थ्री झोप ठेवलेलीच नाही. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर "झाकण लाव आणि चल" हे जे निर्धास्तपणे सांगता येत होतं, ते आजच्या कितीतरी मशीनना लागू होत नाही. दुकानदाराचा अनुभव खरा आहे, पण तो जुन्या झोपेचा आहे.

तुमच्या लॅपटॉपमध्ये कोणती झोप आहे ते बघा

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि माझ्या क्लासमध्ये नवीन बॅचला मी ते पहिल्याच दिवशी करायला लावते. स्टार्टमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' शोधून उघडा. काळ्या खिडकीत पॉवर हा शब्द इंग्रजीत लिहा, त्याला लागूनच सी, एफ, जी ही तीन अक्षरं लिहा, मग एक जागा सोडून उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून ए. एंटर दाबा. वरच्या यादीत 'स्टँडबाय, एस थ्री' दिसलं तर तुमच्याकडे जुनी, गाढ झोप आहे. 'एस झिरो लो पॉवर आयडल' दिसलं तर नवी आहे. त्याच यादीत 'हायबरनेट' आहे का तेही बघून घ्या.

याच कमांडमध्ये एच्या जागी 'स्लीपस्टडी' लिहिलं तर नव्या झोपेच्या मशीनवर एक अहवाल तयार होतो. झाकण बंद असताना लॅपटॉप किती वेळ खरोखर निजला, किती वेळ जागा होता आणि कुणी जागवला, हे त्यात तासांनिशी दिसतं. यासाठी कमांड प्रॉम्प्टवर उजवं बटण दाबून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करावं लागतं. जांबोटीकडून येणाऱ्या एका मुलाचा लॅपटॉप सकाळी हमखास रिकामा असायचा. तो कळवळून सांगायचा, "मॅडम, रात्री हातसुद्धा लावला नव्हता." अहवाल उघडल्यावर दिसलं, की नेटवर्क कार्डाने त्याला रात्रभर जागं ठेवलं होतं. बॅटरीत काही दोष नव्हता, आणि तो मात्र नवी बॅटरी घ्यायच्या बेतात होता.

बॅगेत जागा झाला तर बिघडतं काय

लॅपटॉप जेवढी वीज खातो ती जवळपास सगळी शेवटी उष्णता होते. साध्या लॅपटॉपची बॅटरी ५० वॅट-अवरच्या आसपास असते. म्हणजे ५० वॅटने एक तास किंवा १० वॅटने पाच तास पुरेल एवढी वीज. झोपेत मशीन अर्धा वॅट घेत असेल तर तासाला एक टक्का जातो. रात्रीच्या आठ तासांत आठ टक्के, याबद्दल तक्रार करण्यासारखं काही नाही. पण तेच मशीन आत जागं होऊन १० वॅट घ्यायला लागलं तर पाच तासांत पूर्ण रिकामं. बेळगाव-पुणे रात्रीचा प्रवास सहा-सात तासांचा. रात्री शंभर टक्के भरून निघालेला मुलगा सकाळी स्वारगेटला उतरतो तेव्हा लॅपटॉप मेलेला असतो, तो याच हिशेबाने.

रिकामी बॅटरी पुन्हा भरता येते. खरा त्रास उष्णतेचा. टेबलावर पंखा खालून गार हवा ओढतो आणि बाजूने गरम सोडतो. बॅगेत खालची जाळी पुस्तकाला चिकटलेली, बाजूची टिफिनला. पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. प्रोसेसर आपली काळजी घेतो, फार तापला की वेग कमी करतो आणि शेवटी मशीन स्वतःहून बंद होतं, त्यामुळे प्रोसेसर सहसा वाचतो. बॅटरीला मात्र हे मानवत नाही. लिथियम-आयन बॅटरीचं वय उष्णतेने झपाट्याने वाढतं, आणि ती पूर्ण भरलेली असताना तापली तर जास्तच. ॲपल आपल्या मॅकबुकसाठी वापरण्याचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस आणि नुसतं ठेवण्याचं जास्तीत जास्त ४५ अंश सांगतं. इतर कंपन्यांचे आकडेही फार लांब नसतात. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या बंद कारमध्ये पारा याच्या वर सहज जातो, म्हणून झोपलेला असो वा बंद, लॅपटॉप कारमध्ये ठेवून लग्नाला जाऊ नका.

जुनी एस थ्री झोप असली म्हणजे हा धोका अजिबात नाही असंही नाही. वायरलेस माउसचा बारका डोंगल यूएसबीत तसाच राहतो आणि माउस त्याच बॅगेच्या दुसऱ्या कप्प्यात असतो. बस स्पीड ब्रेकरवरून उडाली, माउस हलला, लॅपटॉप जागा झाला. डोंगल काढा किंवा माउसच्या पोटावरचं बटण बंद करा. गच्च भरलेल्या बॅगेत झाकण किंचित उघडलं तरी हेच होतं, कारण झाकण लागलं की नाही हे आतला एक चुंबकीय सेन्सर ओळखतो आणि थोडीशी फट त्याला पुरते.

मग हायबरनेट दिसत का नाही

विंडोज ८ पासून पॉवरच्या मेनूत हायबरनेट सहसा दिसत नाही, पण तो काढून टाकलेला नसतो. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. डावीकडे 'चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू' आहे, तिथे जा. वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' अशी निळी ओळ दिसेल. ती दाबली की खाली हायबरनेटसमोर टिक करता येते. टिक केली, सेव्ह केलं, की तो मेनूत येऊन बसतो. तिथे नावच नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या त्याच काळ्या खिडकीत तिरक्या रेघेनंतर 'हायबरनेट' आणि एक जागा सोडून 'ऑन' असं इंग्रजीत लिहा.

त्याच पानावर झाकण लावल्यावर काय व्हावं हेही ठरवता येतं, आणि माझ्या मते रोज प्रवास करणाऱ्याने करायची हीच सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. तिथे दोन रकाने असतात, एक बॅटरीवर असतानाचा आणि एक चार्जर लावलेला असतानाचा. बॅटरीच्या रकान्यात झाकणासमोर 'हायबरनेट' निवडा. चार्जरचा रकाना घरच्या वापरासाठी 'स्लीप' राहू द्या. यानंतर बॅग भरायची वेळ आली की आधी चार्जरची पिन काढायची आणि मग झाकण लावायचं, हा क्रम महत्त्वाचा. झाकण आधी लावलंत तर चार्जरच्या रकान्यातली आज्ञा पाळली जाते. ऑफिसात मोठा मॉनिटर जोडून काम करणाऱ्यांनी तर त्या रकान्यात 'डू नथिंग' ठेवलेलं असतं. झाकण लावलं, मग वायर उपटली आणि लॅपटॉप पूर्ण चालू अवस्थेत बॅगेत गेला, हे तिथेच घडतं.

आणखी एक. हायबरनेट होताना मशीन डिस्कवर लिहीत असतं. एसएसडीवर, म्हणजे फिरणारा भाग नसलेल्या नव्या डिस्कवर, ते काही सेकंदांत होतं, जुन्या हार्ड डिस्कवर अर्धा मिनिटही लागतो. दिवा पूर्ण विझेपर्यंत आणि पंखा थांबेपर्यंत लॅपटॉप टेबलावरच राहू द्या. बस सुटायला आली असली तरी तेवढा वेळ असतो.

शटडाउन केल्यावर तरी तो पूर्ण बंद होतो का

बाबांच्या सल्ल्यातही एक अडचण आहे. विंडोज ८ बरोबर 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आणि ती बहुतेक मशीनमध्ये आपोआप चालू असते. शटडाउन दाबल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा स्वतःचा गाभा मात्र हायबरनेटसारखा डिस्कवर टिपून ठेवला जातो, म्हणजे सकाळी लवकर सुरू व्हावं. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि 'अप टाइम' बघा. काल रात्री शटडाउन केलेला लॅपटॉप तिथे चार-पाच दिवसांपासून अखंड चालू असल्याचं सांगताना दिसेल.

बॅगेत नेण्यासाठी यात काही धोका नाही. वीज बंद असते, तापत नाही. पण ब्लूटूथ रुसलं, प्रिंटर सापडेना, मशीन रेंगाळायला लागलं, अशा वेळी शटडाउन करून उपयोग होत नाही. तिथे 'रीस्टार्ट' लागतो, कारण रीस्टार्टमध्ये गाभाही नव्याने सुरू होतो. शिफ्ट दाबून धरून शटडाउन केलं तरी पूर्ण बंद होतो. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करत जा.

इंजिनिअरिंगची बरीच मुलं विंडोजच्या शेजारी उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकून घेतात. त्यांनी फास्ट स्टार्टअप बंदच करावं. विंडोज हायबरनेट किंवा अर्धवट बंद असताना लिनक्समधून त्याच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कमधल्या त्याच्या वाट्यावर, लिहायला गेलात तर फाइली बिघडू शकतात. उबुंटूमध्ये हायबरनेट मुळात चालू नसतो, तेव्हा त्यात काम करून निघताना सरळ शटडाउन करणं बरं.

'अपडेट अँड शट डाउन' दिसलं तर मात्र थांबा. अपडेट लागताना मशीन मधेच रीस्टार्टही होतं. शेवटच्या तासानंतर घाईत ते दाबून, झाकण लावून बॅग पाठीवर टाकली तर लॅपटॉप सर्वात जास्त तापणारं काम बॅगेत करत बसतो, आणि तेही बॅटरीवर. वेळ नसेल तर त्या दिवशी हायबरनेट करा आणि अपडेट घरी जाऊन, चार्जर लावून होऊ द्या.

रोज बंद-चालू केल्याने मशीन झिजत नाही का

ही समजूत जुन्या मोठ्या कॉम्प्युटरच्या काळातली आहे, जेव्हा प्रत्येक वेळी हार्ड डिस्कची मोटर शून्यापासून पूर्ण वेगाला जायची. एसएसडी असलेल्या लॅपटॉपमध्ये फिरणारा भाग पंख्याशिवाय उरलेला नाही. दिवसातून दोन-चार वेळा बंद-चालू करण्याने त्याचं काही बिघडत नाही.

हायबरनेट रोज एवढं लिहिणार, मग एसएसडी लवकर संपेल

शंका रास्त आहे, कारण एसएसडीवर लिहिण्याला मर्यादा असते. हिशेब करून पाहू. ५१२ जीबीच्या साध्या एसएसडीवर कंपन्या साधारण १५० ते ३०० टेराबाइट (एक टेराबाइट म्हणजे हजार जीबी) एवढं लिखाण होईपर्यंत हमी देतात. तुमची रॅम ८ जीबी आहे आणि दिवसातून दोनदा ती पूर्णच्या पूर्ण लिहिली गेली असं धरा. प्रत्यक्षात विंडोज ती दाबून लहान करून लिहितं, पण आपण जास्तीत जास्त धरू. दिवसाला १६ जीबी, वर्षाला सहा टेराबाइटच्या आत. १५० टेराबाइट संपायला पंचवीस वर्षं लागतील. तोवर तो लॅपटॉप तुमच्याकडे नसेल.

मोबाइल कधीच बंद करत नाही, मग लॅपटॉपलाच का

मोबाइलचा प्रोसेसर सुरुवातीपासून खिशात, बिनपंख्याने, कमी विजेवर जगण्यासाठी बनवलेला असतो. पडद्यामागे कुठल्या ॲपने किती वेळ जागायचं यावर तिथे कडक बंधन असतं. विंडोजमध्ये वीस वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्रॅमही चालतो, आणि झोपेची शिस्त पाळायची त्याला सवय नसते. मॅकबुकबाबत मात्र दुकानदाराचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. नोव्हेंबर २०२० नंतर ॲपलने स्वतःची चिप घातलेली मॅकबुक झाकण लावून बॅगेत टाकली तर दिवसभरात फारशी बॅटरी जात नाही. ज्याच्याकडे ती आहे त्याने रोजच्या येण्या-जाण्यासाठी काही बदलण्याची गरज नाही.

जुनी, फिरणारी हार्ड डिस्क असेल तर

आपल्याकडे सेकंडहँड लॅपटॉप पुष्कळ चालतात आणि त्यांत अजून हार्ड डिस्क सापडते. तिच्यात तबकडी मिनिटाला बहुधा ५,४०० फेरे घेत असते आणि वाचणारं डोकं तिच्यापासून फक्त काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. चालू अवस्थेत धक्का बसला, डोकं तबकडीला टेकलं, की तेवढा भाग ओरबाडला जातो. आयबीएमने २००३ साली थिंकपॅडमध्ये धक्का ओळखून डोकं बाजूला घेणारा सेन्सर बसवला तो याचसाठी. झोप, हायबरनेट, शटडाउन या तिन्हींत डोकं सुरक्षित जागी जाऊन बसतं. धोका असतो तो झाकण लावल्यानंतरच्या त्या काही सेकंदांत, आणि बॅगेत मशीन जागं झालं तर त्यानंतर. पावसाळ्यानंतर खानापूर-जांबोटीकडे दुचाकीवरून जाणाऱ्याने अशा लॅपटॉपला हायबरनेट किंवा शटडाउनच करावं. आणि जमेल तेव्हा एसएसडी घालून घ्यावी. जुन्या लॅपटॉपवर करण्यासारखा तो सर्वात मोलाचा खर्च आहे.

पावसाळ्यात

कणकुंबी, चोर्ला, आंबोली या पट्ट्यातला पाऊस रेनकोट घातलेल्या बॅगेतही शिरतो. पाणी आणि चालू वीज एकत्र आली की सर्किटवर गंज आणि शॉर्ट दोन्ही होतं. बॅटरी जोडलेलीच असते, त्यामुळे बंद लॅपटॉपही पूर्ण निर्धोक नाही. पण बहुतेक सर्किटला वीज नसणं आणि सगळीकडे असणं यात फरक मोठा आहे. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा असेल तर लॅपटॉप बंदच हवा, कारण ती पिशवी पाण्याबरोबर उष्णताही अडवते. एसी बसमधून उतरून दमट हवेत आलात तर गार पडलेल्या मशीनवर दव धरतं. सुरू करण्याआधी अर्धा तास बाहेर राहू द्या. आत पाणी गेल्याचा संशय असेल तर चालू होतोय का हे बघायलाही बटण दाबू नका.

सांब्र्याहून विमानाने जाताना

२०२५ च्या जानेवारीत दक्षिण कोरियात एअर बुसानच्या उभ्या विमानात आग लागली आणि तपासात संशय पॉवर बँकेवर आला. तेव्हापासून विमानातल्या लिथियम बॅटरीची चर्चा वाढली आहे. लॅपटॉप शक्यतो सोबतच्या बॅगेत न्यावा, कारण केबिनमध्ये काही झालं तर कर्मचाऱ्यांना ते दिसतं आणि विझवता येतं, पोटातल्या सामानात नाही. चेक-इन सामानात द्यायचाच झाला तर आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट आहे. यंत्र पूर्ण बंद हवं, झोप चालत नाही आणि हायबरनेटही चालत नाही. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इनमध्ये मुळीच द्यायच्या नाहीत. लहान विमानात वरच्या कप्प्यात जागा कमी असते, त्यामुळे दारातच तुमची हातातली बॅग खाली टाकायला मागितली जाऊ शकते. अशा वेळी पॉवर बँक काढून हातात घ्या, आणि लॅपटॉपही.

बँकेतल्या आणि सीएकडे काम करणाऱ्यांसाठी

डिस्कवरची माहिती एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, असली तरी झोपलेल्या लॅपटॉपच्या रॅममध्ये त्या कुलपाची किल्ली उघडी असते. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं, की रॅमच्या चिप गार केल्या तर वीज काढल्यावरही काही मिनिटं त्यांच्यातली माहिती वाचता येते. बसमध्ये बॅग उचलणारा चोर एवढं करणार नाही हे मान्य. पण शंभर पक्षकारांचे हिशेब आणि पॅन क्रमांक ज्या लॅपटॉपमध्ये आहेत तो रस्त्याने नेताना किल्ली रॅममध्ये नसलेली बरी. हायबरनेट किंवा शटडाउन केलं की ती तिथे राहत नाही.

बॅग उघडली आणि लॅपटॉप भाजण्याइतका गरम निघाला तर

पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे तो बंद होईल. सेव्ह न केलेलं काम जाईल, त्याला इलाज नाही. झाकण उघडून, उलटा न करता, हवा खेळेल अशा कठीण जागेवर ठेवा. फ्रिजमध्ये किंवा गार फरशीवर ओल्या फडक्याने थंड करायला जाऊ नका, आत दव धरतं. हाताला साधा लागेपर्यंत चार्जर लावू नका. गार झाल्यावर सपाट टेबलावर ठेवून बघा. टचपॅड वर उचललेला वाटतोय का, झाकण पूर्ण लागत नाही का, लॅपटॉप टेबलावर डगमगतोय का? यांतलं काहीही दिसलं तर बॅटरी फुगली आहे. तिच्यावर दाब देऊ नका, टोचू नका, चार्ज करू नका, आणि तो लॅपटॉप पुन्हा बॅगेत भरून प्रवासाला नेऊ नका. दुरुस्तीवाल्याला आधी फोन करून बॅटरी फुगल्याचं सांगा आणि लागलीच बदलून घ्या. जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत न टाकता त्याच्याकडेच द्या.